टाकून दिलेल्या मोटारींचा जीर्णोद्धार

जगांत छंद अनेक आहेत. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी नाणीं, कोणी जुन्या पोथ्या. या सर्व छंदांत एक गुण समान असतो. जमविलेली वस्तु कपाटांत मावते व घरांतील मंडळींस तिचा फारसा उपद्रव होत नाहीं. परंतु दीड-दोन टन वजनाची, गंजून गेलेली व जागची न हालणारी मोटार पैसे देऊन विकत घ्यावी, ती दुसऱ्या गाडीस बांधून ओढत घरीं आणावी, तिचे हजारों भाग सुटे करून ते पुन्हां जोडण्यांत आयुष्याचीं पांच-दहा वर्षें खर्च करावींत, आणि एवढें सगळें झाल्यावर तिच्यांत बसून कचेरीस मात्र जाऊं नये, हा छंद कोणाहि संसारी गृहस्थास प्रथमदर्शनीं वेडाचा एक प्रकार वाटेल. अमेरिकेंत हें वेड हजारों शहाण्या माणसांनीं पतकरलें आहे. त्यांत कोट्यधीश आहेत, तसे टपालखात्यांतील कारकून व शेतकरीहि आहेत. या वेडांत त्यांस कोणता आनंद सांपडतो, हें वाचकांपुढें मांडावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आम्ही स्वतः मोटारीचे मालक नाहीं. आमचीं पस्तीस वर्षें शाळेंत मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेलीं. तथापि या छंदाची माहिती जसजशी मिळत गेली, तसतसें आम्हांस असें दिसून आलें कीं, यांत व आमच्या पोथ्यांच्या व्यवसायांत पुष्कळच साम्य आहे. तें कोणतें, हें पुढें ओघानें येईलच.

टाकण्याची विद्या

हा छंद समजण्यास प्रथम अमेरिकन मोटारीचा थोडासा इतिहास पाहिला पाहिजे. १९०८ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत हेन्री फोर्ड यानें डेट्रॉइट येथें 'मॉडेल टी' ही मोटार बाजारांत आणली. चार सिलिंडरांचें वीस अश्वशक्तीचें इंजिन, हलकें परंतु चिवट पोलाद, आणि खेड्यांतील चिखलाच्या रस्त्यांतून निभावून जाईल अशी उंच बांधणी, हें तिचें स्वरूप होतें. प्रारंभीं तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ सालीं हायलंड पार्क येथील कारखान्यांत फोर्डनें सरकत्या जोडणीची पद्धत सुरू केली. कामगारानें कामाकडे जाण्याऐवजीं काम कामगाराकडे येऊं लागलें. आणि ज्या सांगाड्याच्या जोडणीस पूर्वीं बारा तासांहून अधिक वेळ लागे, तो सुमारें दीड तासांत तयार होऊं लागला. किंमत उतरत उतरत पुढें तीनशे डॉलरांच्याहि खालीं गेली. १९२७ च्या मे महिन्यांत या गाडीचें उत्पादन थांबलें, तोंवर दीड कोटींहून अधिक गाड्या कारखान्याबाहेर पडल्या होत्या.

ही गाडी शेतकऱ्यानें स्वतःच्या हातांनीं दुरुस्त करावी अशीच केलेली होती. तिच्या खोडीहि त्याला पाठ असत. पेट्रोलाची टांकी बसण्याच्या जागेखालीं असे व पेट्रोल केवळ उतारानें इंजिनाकडे वाहत जाई. त्यामुळें टांकींत पेट्रोल कमी असतां उभा चढ लागला कीं इंजिनास पेट्रोल मिळेनासें होई. अशा वेळीं शेतकरी गाडी वळवून घेत व पाठमोरी चालवीत ती चढावर नेत. यंत्राचा दोष आणि त्यावरचा उपाय हीं दोन्हीं मालकाच्या डोळ्यांपुढें उघडीं होतीं, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

फोर्डच्या या एकाच गाडीस उत्तर दिलें तें जनरल मोटर्स कंपनीनें. १९२३ सालीं आल्फ्रेड स्लोन हे तिचे अध्यक्ष झाले. त्यांनीं निरनिराळ्या ऐपतीच्या लोकांसाठीं निरनिराळ्या गाड्या ठेवल्या, हप्त्यांनीं पैसे फेडण्याची सोय वाढविली, आणि दर वर्षीं गाडीचें रूप थोडें थोडें बदलण्याचा प्रघात पाडला. १९२७ सालीं हार्ले अर्ल नांवाच्या कल्पक गृहस्थाच्या हाताखालीं गाड्यांचा आकार व रंग ठरविणारें एक स्वतंत्र खातेंच त्या कंपनीनें काढलें. गाडी मोडली म्हणून नवी घ्यावी, हा विचार मागें पडला. शेजाऱ्याची नवी दिसते म्हणून आपली जुनी ठरली, हा विचार पुढें आला. १९४८ सालीं कॅडिलॅक गाडीच्या पाठीमागें एका लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले लहानसे पंख आले. ते वर्षानुवर्षें वाढत जाऊन १९५९ सालीं इतके उंच झाले कीं, त्यांचें प्रयोजन विचारणेंच व्यर्थ ठरावें. पुढच्याच वर्षापासून ते उतरूं लागले. पंख वाढले म्हणून आदल्या वर्षींची गाडी जुनी झाली, आणि पंख उतरले म्हणून पुन्हां आदल्या वर्षींचीच गाडी जुनी झाली.

अशा रीतीनें टाकून दिलेल्या गाड्यांची गति एकच, ती म्हणजे भंगाराची भट्टी. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ च्या फेब्रुवारींत, अमेरिकेनें खाजगी मोटारींचें उत्पादन बंद केलें व लोखंड गोळा करण्याच्या मोहिमा काढल्या. त्यांत कित्येक जुन्या मोलाच्या गाड्या वितळून गेल्या. अगदीं अलीकडे, २००९ सालीं, व्यापारास उत्तेजन देण्यासाठीं सरकारनें जुनी गाडी देऊन नवी घेणारास अनुदान दिलें. त्या वेळीं पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या मोडीत निघाल्या. त्या पुन्हां कोणी चालवूं नयेत म्हणून त्यांच्या इंजिनांत तेलाच्या जागीं सोडियम सिलिकेटाचा द्रव ओतून इंजिन जाम होईपर्यंत चालवीत. मात्र पंचवीस वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या गाड्या या योजनेंत घेतल्या जात नव्हत्या.

ज्या देशानें जगास टाकण्याची विद्या इतकी परिपूर्ण करून शिकविली, त्याच देशांत न टाकण्याचें व्रत घेतलेलीं माणसें निघावींत, हें आम्हांस या विषयाचें खरें मर्म वाटतें.

व्रतस्थांची मंडळी

१९३५ सालीं फिलाडेल्फिया येथें जुन्या मोटारींच्या शौकिनांनीं आपली एक संस्था स्थापन केली. १९५२ सालीं विशेष उंची गाड्यांसाठीं दुसरी संस्था निघाली. पेनसिल्व्हानियांतील हर्शे या गांवीं १९५५ सालापासून दर शरदऋतूंत या मंडळींचा मोठा मेळा भरतो. आपल्याकडील जत्रेंत भांड्यांचीं व बांगड्यांचीं दुकानें लागतात, तशीं तेथें जुने दिवे, चाकें, दारांच्या मुठी, गंजलेलीं कार्ब्युरेटरें यांचीं दुकानें ओळीनें लागतात. एखादा वृद्ध गृहस्थ हातांत कागदाचा चिटोरा घेऊन दिवसभर हिंडतो आणि सायंकाळीं एक बोटभर लांबीची कडी सांपडली म्हणून कृतार्थ होऊन परत जातो.

या मंडळींत एक नमुना आम्हांस फार आवडतो. वॉशिंग्टन राज्यांतील टकोमा येथें हॅरल्ड लमे नांवाचे एक गृहस्थ होते. गांवचा कचरा उचलून नेण्याचा त्यांचा धंदा. दुसऱ्यांनीं टाकलेलें वाहून नेतां नेतां या गृहस्थानें तीन हजारांच्या आसपास मोटारी व वाहनें जमविलीं, आणि जगांतील सर्वांत मोठा खाजगी संग्रह म्हणून त्याची नोंद झाली. २००० सालीं ते वारले. २०१२ सालीं त्यांच्या नांवाचें मोठें संग्रहालय त्या गांवीं उघडलें. नेव्हाडांतील रीनो येथील विल्यम हॅरा यांचा चौदाशेंच्या आसपास गाड्यांचा संग्रह मात्र १९७८ सालीं ते निवर्तल्यावर बहुतांशीं लिलावांत गेला, व उरलेल्या गाड्यांतून १९८९ सालीं तेथें संग्रहालय उभें राहिलें. संग्रह करणें एक आणि आपल्यामागें त्याची व्यवस्था लावणें दुसरें, हा धडा यांत आहे.

पुष्कळदां जी गाडी जपावयाची तिची कंपनीहि जगांत उरलेली नसते. स्टूडबेकर घराण्यानें १८५२ सालापासून साउथ बेंड येथें घोड्यांचे गाडे बांधले, मग मोटारी बांधल्या. १९६३ च्या डिसेंबरांत तेथील मोटारींचें काम थांबलें व १९६६ सालीं कानडांतील शाखाहि मिटली. पॅकार्ड हें एके काळीं श्रीमंतीचें दुसरें नांव. १९५८ सालीं तेंहि बाजारांतून गेलें. प्रेस्टन टकर यांनीं १९४८ सालीं शिकागो येथें मध्यभागीं तिसरा दिवा असलेली, सुकाणूबरोबर तो दिवा वळणारी अशी अपूर्व गाडी काढली. परंतु ५१ गाड्या होतांच कारखाना बंद पडला. त्या ५१ पैकीं बहुतेक सर्व आजहि जपून ठेवलेल्या आहेत. निर्वंश झालेल्या घराण्याचे देव शेजाऱ्यांनीं आपल्या देवघरांत आणून पुजावेत, त्यांतलाच हा प्रकार.

खोलणें आणि जोडणें

आतां प्रत्यक्ष काम कसें चालतें तें पाहूं. बहुधा गाडी एखाद्या शेताच्या कोठारांत, गवताच्या गंजीमागें, तीस-चाळीस वर्षें पडलेली सांपडते. इंजिन जाम झालेलें असतें. अननुभवी मनुष्य अशा वेळीं जोर करतो व कांहींतरी मोडून बसतो. जाणता मनुष्य सिलिंडरांत झिरपणारें पातळ तेल सोडतो आणि थांबतो. दोन दिवस, प्रसंगीं दोन आठवडेहि थांबतो. मग हलक्या हातानें चाक किंचित् फिरवून पाहतो. वर सांगितलेल्या सरकारी योजनेंत इंजिन मारण्यासाठीं द्रव ओतीत; येथें तें जिवंत करण्यासाठीं तेल ओततात.

नंतर गाडी खोलण्यास आरंभ होतो. प्रत्येक भागाचें छायाचित्र घेऊन, त्यास चिठ्ठी बांधून, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून ठेवावे लागतात. कारण खोलणें व जोडणें यांमध्यें वर्षें लोटतात आणि स्मृति दगा देते. तळाचा पत्रा बहुधा गंजून चाळण झालेला असतो. तो कापून त्याच मापाचा नवा पत्रा ठोकून बसवावा लागतो. पुष्कळ जुन्या गाड्यांचा पत्रा आंतल्या लांकडी चौकटीवर ठोकलेला असे. अॅश नांवाच्या झाडाचें तें लांकूड कुजलेलें असेल तर सुतारकाम शिकणें भाग पडतें. जुन्या फोर्डमध्यें आजच्यासारखीं सुटीं बेअरिंगें नसत. कथील, अँटिमनी व तांबें यांचा रस इंजिनाच्या बिडाच्या घरांत ओतून, तो थिजल्यावर कोरून व घांसून आंस बसेल असा करावा लागतो. हें काम जाणणारे कारागीर आतां थोडे उरले आहेत, व त्यांच्याकडे गिऱ्हाइकांस कित्येक महिने वाट पाहावी लागते.

येथें आमच्या पोथ्यांची आठवण होते. एखाद्या प्राचीन ग्रंथाचा शुद्ध पाठ ठरवितांना अनेक पोथ्या ताडून मूळ कोणतें व मागाहून घुसडलेलें कोणतें हें निवडावें लागतें. मोटारीचेंहि तसेंच आहे. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत गाड्यांच्या चकचकीत भागांवर निकेलचा मुलामा असे. त्याची झांक किंचित् पिवळसर व सौम्य असते. क्रोमियमची निळसर, आरशासारखी चकाकी त्यानंतरची. म्हणून १९२५ सालच्या गाडीवर क्रोमियम दिसलें कीं जाणता परीक्षक तें प्रक्षिप्त म्हणून तत्काळ ओळखतो. मूळ रंग शोधावयाचा तर उन्हापावसानें उडालेला बाहेरचा रंग उपयोगी पडत नाहीं. आंतल्या एखाद्या पट्टीमागें, जेथें प्रकाश पोंचला नाहीं, तेथें खरा पाठ सांपडतो. १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंत फोर्डनें 'मॉडेल ए' ही गाडी काढली. तिच्या चाहत्यांच्या दोन संस्थांनीं मिळून एक नियमग्रंथच सिद्ध केला आहे. कोणत्या महिन्यांत कोणता दिवा, कोणती मूठ, कोणता बोल्ट बसविला जात असे, याचा त्यांत तपशील आहे. आमच्या व्याकरणकारांसहि हेवा वाटावा अशी ती चिकाटी आहे.

एका विद्यार्थ्याचें उत्तर

आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त इंडियाना राज्यांत स्थायिक झाला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां त्याच्याकडे जाऊन राहिलों होतों. त्याच्या घराच्या तळघराशेजारीं एक १९३० सालची मॉडेल ए होती. ती त्यानें एका शेतकऱ्याच्या वारसांकडून घेतली होती व सहा वर्षें तिचें काम चाललें होतें. त्याचा हुद्दा मोठा, दिवसभर संगणकावर काम. परंतु रात्रीं जेवण झाल्यावर तो दोन तास त्या गाडीखालीं जाऊन निजे.

एके दिवशीं त्याची पत्नी आम्हांस म्हणाली, "सर, तुम्हीच यांना विचारा. वाईचा यांचा वाडा पडायला आला, तेव्हां यांना जायला सवड नव्हती. शेवटीं तो बिल्डरला गेला. आणि आतां एका परक्या शेतकऱ्याची गाडी सहा वर्षें जोडताहेत."

आम्ही कांहीं विचारण्यापूर्वींच तो गाडीखालून बाहेर आला. हात पुशीत म्हणाला, "सर, ती म्हणते तें खरें आहे. पण वाड्याला अकरा वारस होते. एक खिडकी बदलायची तरी अकरा सह्या लागायच्या. हिला माझी एकट्याची सही पुरते."

तें उत्तर ऐकून बाईंचें समाधान झालें नाहीं. आमचेंहि पूर्ण झालें असें म्हणवत नाहीं. वाडा गेला तो गेलाच. परंतु त्या उत्तरांत या छंदाचें एक सत्य दडलेलें आहे. आजच्या मनुष्याच्या वांट्यास येणारीं बहुतेक कामें अशीं असतात कीं, त्यांचा आरंभ दुसऱ्याच्या हातीं व शेवट तिसऱ्याच्या हातीं. घर अकरांचें, कचेरी हजारांची, आणि नवी मोटारहि अशी कीं, तिचें झांकण उघडलें तरी मालकास आंत काय चाललें आहे हें कळूं नये. जुनी फोर्ड मात्र एका मनुष्याच्या बुद्धींत संपूर्ण मावते. तिच्यांत असें एकहि कोडें नाहीं, कीं जें शांतपणें पाहिलें असतां सुटणार नाहीं. जगांतील एक तरी वस्तु आपण मुळापासून शेंड्यापर्यंत जाणली आणि आपल्या हातानें वांचविली, हा आनंद साधा नाहीं. ज्या अनेक गोष्टी आपल्या हातून वांचल्या नाहींत, त्यांचें दुःखहि त्या आनंदाच्या तळाशीं असूं शकेल.

तीन पंथ व दोन आक्षेप

जेथें श्रद्धा तेथें पंथभेद हे आलेच. या छंदांतहि तीन पंथ आहेत. पहिला पंथ जीर्णोद्धाराचा. गाडी कारखान्यांतून निघाली त्या दिवशीं होती तशी करावी, हा त्याचा आग्रह. दुसरा पंथ रक्षणाचा. तो म्हणतो कीं, मूळ रंग एकदां खरवडला कीं तो पुन्हां मूळ होत नाहीं. म्हणून विरलेली गादी व उडालेला रंगहि तसाच ठेवावा, फक्त आणखी नाश थांबवावा. पूर्वीं या पंथास कोणी विचारीत नसे. अलीकडे मोठमोठ्या प्रदर्शनांतून अशा अस्पृष्ट गाड्यांस स्वतंत्र मानाचें स्थान मिळतें. तिसरा पंथ रूपांतराचा. १९३२ सालीं फोर्डनें स्वस्त गाडींत आठ सिलिंडरांचें इंजिन घातलें. महायुद्धानंतर कॅलिफोर्नियांतील तरुणांनीं तसल्या जुन्या गाड्या घेऊन, नको तो पत्रा काढून टाकून, त्या वेगवान् केल्या. जुन्या सांगाड्यावर नवें मन चढविण्याचा हा प्रकार पहिल्या दोन पंथांस धर्मबाह्य वाटतो.

आमचें मत विचाराल तर पहिल्या दोहोंत निवड करणें हें गाडीच्या अवस्थेवर अवलंबून आहे. ज्या पोथीचीं अक्षरें शाबूत आहेत, तिची नवी नक्कल करून मूळ फेंकून देणें हा अपराध. आणि जिचा चुरा होत आहे, तिला केवळ रेशमी बासनांत बांधून ठेवणें हाहि आळसच.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, जुन्याचा हा मोह प्रगतीच्या विरुद्ध आहे. जुन्या गाड्या मनुष्याच्या जिवास धोक्याच्या होत्या, हें निर्विवाद आहे. सुकाणूचा दांडा सरळ छातीवर येई, पट्टे नसत, कांचा व कडा घातक असत. १९६५ सालीं राल्फ नेडर यांनीं याविषयीं पुस्तक लिहून कारखानदारांचे दोष चव्हाट्यावर मांडले, आणि १९६६ सालीं अमेरिकेनें वाहनांच्या सुरक्षिततेचा कायदा केला. धुराचा व पेट्रोलांतील शिशाचा उपद्रवहि त्या काळांतलाच. म्हणून जुन्या गाड्या पुन्हां रोजच्या वापरांत याव्यात, असें कोणी समंजस शौकीन म्हणत नाहीं. वर्षांतून थोडे मैल, सावकाश व दिवसाउजेडीं, एवढीच बहुतेकांची धांव असते. जुनें जपणें म्हणजे जुन्याकडे परत जाणें नव्हे.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो अधिक खरा आहे. साध्या गाडीच्या जीर्णोद्धारास जो खर्च येतो, तो ती विकून सहसा भरून येत नाहीं. कांहीं थोड्या दुर्मिळ गाड्यांस लिलावांत अचाट किंमती येतात, त्यांच्या बातम्या वाचून जे लाभाच्या आशेनें या छंदांत शिरतात, त्यांच्याच कोठारांत अर्धवट खोललेल्या गाड्यांचे ढीग पडतात. संसाराच्या गरजा भागवून जो पैसा व वेळ उरेल, तोच यांत घालावा; आणि घरच्या मंडळींस न विचारतां तर मुळींच घालूं नये.

आपल्याकडील ओळख

अमेरिकन मोटारी आपल्या प्रांतास परक्या नाहींत. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. शेव्हरोले गाड्या तेथून बाहेर पडत. पुढें शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार करून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत डॉज, डिसोटो व प्लिमथ या नांवांच्या गाड्या जोडल्या जाऊं लागल्या. फियाट गाडीचें राज्य मुंबईच्या रस्त्यांवर येण्यापूर्वीं हीं नांवें तेथें घरोघर ठाऊक होतीं.

संस्थानिकांपैकीं इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांची ड्यूसेनबर्ग गाडी तर जगप्रसिद्ध आहे. ड्यूसेनबर्ग ही त्या काळची अमेरिकेंतील सर्वांत बलाढ्य गाडी. १९२८ च्या डिसेंबरांत तिचें 'जे' हें रूप पुढें आलें तेव्हां तिचें इंजिन २६५ अश्वशक्तीचें असल्याचें कंपनीनें जाहीर केलें होतें. फोर्डच्या तेव्हांच्या गाडीची शक्ति चाळीस होती. कंपनी केवळ चासी देई. वरचा साज धनिकानें आपल्या आवडीच्या कारागिराकडून करवून घ्यावा. होळकरांनीं आपल्या गाडीचा साज लंडनच्या गर्नी नटिंग या कारागीर कंपनीकडून करविला. रंग नारिंगी व काळा. पुढें ती गाडी अमेरिकेस परत गेली व तेथें तिचें प्रेमानें जतन झालें. ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७ सालीं संपली. परंतु इंडियानांतील ऑबर्न गांवीं, तिच्याच परिवारांतील ऑबर्न कंपनीच्या १९३० सालीं बांधलेल्या दिमाखदार इमारतींत, १९७४ पासून त्या गाड्यांचें संग्रहालय आहे.

आपल्या सरकारनेंहि आतां या छंदाची दखल घेतली आहे. २०२१ च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें उलटलेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या दुचाकी व चारचाकी खाजगी वाहनांस 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. त्यांच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क असून ती दहा वर्षें चालते. अशीं वाहनें नित्याच्या वाहतुकीस वा धंद्यासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहींत. प्रदर्शन, संशोधन, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच तीं चालवावयाचीं. नियम रास्त आहे.

पुढची पिढी

या छंदापुढें खरें संकट कोणतें असेल तर तें कारागिरांचें. गाड्या उरतात, हात उरत नाहींत. इंजिनांत मिश्रधातूचा रस ओतणारा, हातोडीनें पत्र्यास गोलाई आणणारा, घोड्याच्या केसांची गादी शिवणारा कारागीर म्हातारा होऊन जातो आणि त्याची विद्या त्याच्याबरोबर जाते. आपल्याकडे वैदिक शाखा अशाच लोपल्या. ग्रंथ होते, पण म्हणून दाखविणारे कंठ उरले नाहींत.

यावर कॅन्सस राज्यांतील मॅकफर्सन कॉलेजानें काढलेला मार्ग आम्हां शिक्षकांस विशेष आवडण्यासारखा आहे. १९७६ सालीं एका संग्राहकानें आपल्या जुन्या गाड्या त्या कॉलेजास देणगी दिल्या व त्यांतून मोटारींच्या जीर्णोद्धाराचा शिक्षणक्रम निघाला. आज तेथें या विषयांत चार वर्षांची पदवी मिळते. मुलें-मुली इंजिन जोडावयास शिकतात, पत्रा घडवावयास शिकतात, गादी शिवावयास व रंग द्यावयास शिकतात, आणि त्याबरोबर मोटारीचा इतिहासहि अभ्यासतात. हातानें काम करणारा व पुस्तक वाचणारा हे दोन वेगळे मनुष्य असावेत, हा भेद तेथें मानलेला नाहीं. आपल्या सुशिक्षित घरांतून हा भेद फार दिवस मानला गेला, व त्यानें आपलें नुकसानच केलें, हें येथें स्पष्ट म्हणणें प्राप्त आहे. मुलानें घड्याळ खोललें तर आपण त्याला रागें भरतों. तें त्याला पुन्हां जोडतां येईल काय, हें विचारीत नाहीं.

शेवटीं वाचकांस एक विनंति. ज्यांच्या घरीं आजोबांनीं वा काकांनीं प्रीमियरच्या किंवा शिवडीच्या कारखान्यांत काम केलें असेल, ज्यांच्या माजघरांत जुन्या डॉज-शेव्हरोले गाडीचें माहितीपुस्तक, पावती अथवा छायाचित्र पडलें असेल, त्यांनीं तें रद्दींत घालूं नये. घरांतील ऐंशी-नव्वद वर्षांच्या मंडळींना त्या कामाची हकीगत विचारून ती तारीखवार लिहून ठेवावी. गाडी जपणें सर्वांस शक्य नाहीं. परंतु ती ज्या हातांनीं जोडली त्यांची माहिती जपण्यास एक वही व चार संध्याकाळ पुरतात. हें काम या वर्षींच करावें. पुढच्या वर्षीं सांगणारे असतीलच असें नाहीं.